वॉरियर्सचा तो स्वीडिश जेरेबको नक्की कोण होता?

पोहेप्रेमी
मंडळी, काल जुने हायलाइट बघत होतो तर एनबीएची (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) ऑक्टोबर २०१८ ची वॉरियर्स-युटा मॅच लागली. वॉरियर्सच्याच ड्युरंटचा शॉट हुकला आणि जेरेबको ह्या पठ्ठ्याने रिंगवरून उडालेला बॉल हवेतच नुसत्या बोटांनी आत ढकलला, वॉरियर्स १२४-१२३, घड्याळात उरले ०.३ सेकंद. स्वीडनचा म्हणे! स्वीडन म्हटलं की मला आइस हॉकी, टेनिसचा बोर्ग नि फुटबॉलचा झ्लाटन, बास्केटबॉल कधीपासून? आणि एवढा भारी होता तर आपण नाव कसं ऐकलं नाही?

तिसरा_क्वार्टर
कारण तो स्टार नव्हताच राव, कामाचा माणूस होता. योनास जेरेबको, १९८७ चा जन्म, गाव किन्ना, बोरोसजवळ. बाप अमेरिकन, तोही कॉलेजात खेळलेला. आधी लुलेओला खेळला (पार उत्तरेला, थंडीची कल्पना करा), मग दोन वर्षं इटलीत बिएल्लाला. गंमत म्हणजे बोरोस काय नि बिएल्ला काय, दोन्ही कापड गिरण्यांची गावं, म्हणजे इचलकरंजीहून इचलकरंजीला गेल्यासारखंच 😄 २००९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) डेट्रॉइटने ३९ व्या नंबरवर उचलला, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये, तिथल्या पोरांचं पुढे काही होईलच असं कुणी धरत नाही, पण हा पहिल्याच सीझनला ८० मॅच खेळला, त्यातल्या ७३ मध्ये सुरुवातीच्या पाचात. आणि ज्या मॅचचं तुम्ही म्हणताय त्यात मजा अशी की युटानेच त्याला त्या उन्हाळ्यात सोडलं होतं, आणि बास्केट पडली तीही त्यांच्याच घरात!

गुडघेदुखी४०
+१. पण दुसऱ्या वर्षाचं राहिलं. २०१० मध्ये सीझन सुरू व्हायच्या आधीच अकिलीस टेंडन (टाचेमागचा स्नायुबंध) फाटला, अख्खं वर्ष गेलं. माझा ऑफिसच्या टूर्नामेंटमध्ये फाटलाय म्हणून सांगतो, आधी वाटतं मागून कुणीतरी लाथ घातली, मी तर वळून बघितलं, मागे कुणीच नाही. मला जिना चढायलाच महिने लागले आणि हा बाबा परत येऊन डेट्रॉइट, बॉस्टन, युटा, वॉरियर्स करत सहाशेच्या वर मॅच खेळला. मॅचमागे अ‍ॅव्हरेज सहा पॉइंट. कुणाच्या लक्षात राहणार? पण कोचला विचारा.

खडूस_काका
सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. वॉरियर्सनंतर तो मॉस्कोजवळच्या खिमकी टीमला गेला, ते ठीक, पण मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला होऊन महिना झाला असताना, साहेबांनी सीएसकेए मॉस्को या रशियन टीमशी करार केला. बाकीचे परदेशी खेळाडू रशियातून निघत होते, युरोलीगने (युरोपातल्या बड्या क्लबांची लीग) रशियन टीम बाहेर काढल्या होत्या आणि हा उलट आत! स्वीडिश फेडरेशनने नॅशनल टीमचं दार बंद केलं. मेहनत मान्य, पण हेही त्याच करिअरमध्ये धरा.

तिसरा_क्वार्टर
काका, ते मलाही पटलं नव्हतं, मुद्दाम टाळलं नाही, प्रश्न वॉरियर्सवरून होता एवढंच. अवांतर: आपला सतनाम सिंग २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ वा गेला होता, डॅलसकडे, पण एनबीएची एकही मॅच मिळाली नाही. ३९ व्यावरून दहा वर्षं टिकणं म्हणजे काय ते त्यावरून बघा.

पोहेप्रेमी
धन्यवाद सगळ्यांना. त्या दिवशी इथे सकाळ होती, शनिवार, म्हणजे मी नक्की झोपलेलो असणार 🤦 आता बॉस्टनच्या मॅच शोधतो, कुणाकडे लिंक असेल तर टाका.