बाप्तिस्म्याआधी केस कापायला सांगितलंय

प्रश्न (निपाणी): मी ट्रान्सजेंडर. आधी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगप्पांत (देवीला वाहिलेल्या, बायकी वेशात राहणाऱ्यांत) होते, आता मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येते. पाळकसाहेब प्रेमळ आहेत, पण बाप्तिस्म्याआधी केस काप, पँट-शर्ट घाल म्हणतात. प्रभूला मी अशी चालत नाही काय?

उत्तर (खानापूर): अक्का, बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 काढा. कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण? सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याच्या शरीराबद्दल चकार शब्द काढत नाही, दोघं पाण्यात उतरतात. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या अध्याय 23 नं ज्या षंढांना मंडळीबाहेर ठेवलं, त्यांनाच यशया 56 मध्ये देव आपल्या घरात मुलामुलींपेक्षा उत्तम नाव देतो. पाळकसाहेबांसोबत बसून हे तिन्ही अध्याय वाचा की. आमच्या घरगुती प्रार्थनेला तुमच्यासारखी एक बहीण येते. आधी तिनं सांगितलेल्या नावानं हाक मारली, बायकांच्या बाजूला चटईवर जागा दिली. शिकवणं त्यानंतर सुरू झालं, आणि आता स्तोत्र तीच वाचते.

उत्तर (चिकोडी): मी मंडळीत वडील, म्हणजे तिथला एक पुढारी, आहे. पेहरावाबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. पण त्यापायी बाप्तिस्मा अडवणं मला पटत नाही. जोगप्पांचं घर सोडल्यावर तुमचं पोट कशावर चालतं, हे मंडळीनं आधी विचारायला हवं होतं.

प्रश्नकर्ती: भाकऱ्या करून विकते, अण्णा. रविवारी अध्याय 8 घेऊन जाते.