नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) असलेलं इथे कोणी आहे का? बोलायला माणूस हवंय

कृष्णाकाठ:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४३, सांगलीजवळ राहते, शाळेत शिकवते. चार वर्षं पोट बिघडायचं आणि वर्गात शिकवता शिकवता तोंड एकदम लालबुंद व्हायचं, कढईची वाफ आल्यासारखं. आधी ॲसिडिटी सांगितली, मग आयबीएस, मग टेन्शन, मग म्हणे पाळी जायची वेळ आली असेल. गेल्या वर्षी सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या आणि बायोप्सीत हे निघालं. मूळ लहान आतड्यात. ग्रेड १, म्हणजे हळू वाढणारा, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात तो आकडा) दोन टक्के. आतड्याचं ऑपरेशन झालं, लिव्हरमधल्या गाठी आहेत तशाच आहेत, त्या आटोक्यात राहाव्यात म्हणून दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन.

डॉक्टर चांगले आहेत, तक्रार नाही. पण ओपीडीत बोलून बोलून किती बोलणार, बाहेर पन्नास जण उभे असतात. इथल्या एका कॅन्सर ग्रुपला दोनदा जाऊन आले. जवळजवळ सगळ्या ब्रेस्टच्या बायका, प्रेमाने वागल्या, पण बोलणं सगळं किमो, विग, पाच वर्षं झाली की सुटलो. मला किमो नाही, केस जागच्या जागी, वजन उलट दोन किलो वाढलंय आणि सुटायचं म्हणाल तर ते माझ्या बाबतीत डॉक्टर कधी बोललेच नाहीत. एकीने विचारलंच, "तुमचा नक्की कॅन्सरच आहे ना?" मला चक्क चोरी पकडल्यासारखं झालं. घरी जाऊबाईंना नेट झालंय सांगितलं तर म्हणाल्या, रेंज येत नाही का. (यावर मात्र आम्ही दोघी खूप हसलो.) आणि ज्याला थोडं माहीत असतं तो म्हणतो, इरफान खानला झाला होता तोच ना, आणि गप्प बसतो. नवऱ्यासमोर रडवत नाही, तो रात्री बारापर्यंत रिपोर्टच्या फायली लावत बसतो.

हाच आजार असलेलं, मराठीत बोलणारं कोणी आहे का, एवढंच विचारायचंय.

नाशिककर६१:
आहे की ताई. मी. स्वादुपिंडातला, सहावं वर्ष चालू आहे, सकाळी गंगेवर चालून येऊन हे टाइप करतोय.

आधी इरफानचं. त्याने २०१८ च्या पत्रात स्वतःच हाय ग्रेड लिहिलं होतं. तुमचा ग्रेड १ आहे. आडनाव एक, पण माणसं वेगळी असं समजा. मलाही हे दीड वर्ष कोणी फोड करून सांगितलं नव्हतं, तोवर मी त्याचा फोटो दिसला तरी टीव्ही बंद करायचो.

दुसरं, इंजेक्शन कोण देतं? माझं एकदा गावातल्या दवाखान्यात असं झालं की पावडर कालवली आणि नर्सबाईंना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. परत येईतो औषध तळाला बसलं, सुई तुंबली, निम्मं औषध आत, निम्मं वाया. इतकं महाग इंजेक्शन, आणि मी पॅन्ट सावरत उभा, काय बोलणार. तेव्हापासून किटमधला सूचनांचा कागद मीच मोठ्याने वाचतो. फ्रीजमधून अर्धा-एक तास आधी बाहेर काढायचं, आणि कालवलं की लगेच द्यायचं. लाज धरू नका.

अजून एक, क्रोमोग्रॅनिन ए ची टेस्ट (या आजारावर लक्ष ठेवायची रक्ताची तपासणी) करत असाल तर ॲसिडिटीची गोळी चालू आहे का ते डॉक्टरांना सांगा, पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळीने आकडा उगाच वाढतो. मी त्या पायी आठ दिवस जेवलो नव्हतो. स्वतःहून मात्र बंद करू नका.

आरोग्यधन:
गव्हांकुराचा रस रोज सकाळी अनशापोटी. माझ्या मेव्हण्याच्या साडूचा चौथ्या स्टेजचा पूर्ण गेला. इंजेक्शनने शरीर पोखरतं.

नाशिककर६१:
साडूंना नमस्कार सांगा. रसाने कॅन्सर जात नाही आणि या इंजेक्शनने शरीर पोखरत नाही. ताईंनी बोलायला माणूस मागितलाय, रस नाही.

डोंबिवलीकर_मुलगा:
मी पेशंट नाही, आईला आहे (वय ६६, लिव्हरमध्येच जास्त). तिला परळला टाटाच्या आवारात बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे तिथे ल्युटेशियमची थेरपी झाली, पीआरआरटी म्हणतात, किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात. डोटा स्कॅनमध्ये (नेटच्या गाठी दाखवणारा खास स्कॅन) गाठी नीट उजळल्या तरच देतात, सगळ्यांना नाही, त्यामुळे हे ऐकून घाबरूही नका आणि हुरळूही नका. किडनी जपायला अमिनो ॲसिडची सलाईन लावतात, त्याने तिला मळमळलं फार. आणि अंगात किरणोत्सर्ग असतो म्हणून घरी आल्यावर नातवाला काही दिवस जवळ घ्यायचं नाही, त्याचंच तिला जास्त लागलं, दाराच्या फटीतून गोष्ट सांगायची.

पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर म्हणजे आईचा ग्रुप तिथल्या बाकड्यावर झाला. नंबर लागेपर्यंत चार-चार तास बसायचं, शेजारी तोच आजार, तीच डायरी, तोच लाल चेहरा. कोल्हापूरच्या एक काकू, जळगावचे एक सर, आता रोज सुप्रभात पाठवतात आणि स्कॅनच्या आदल्या रात्री कोणालाच झोप नसते. यायचं झालं तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे आधी फोन करून विचारा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो.

रानजाई:
माझा जिस्ट आहे, पोटातलाच पण वेगळा कॅन्सर, रोज इमॅटिनिबची गोळी. तुमचा आजार नाही, तरी "केस का नाही गेले" हे मीही ऐकलंय, त्यामुळे राहवलं नाही. आमच्यासारख्यांसाठी फ्रेंड्स ऑफ मॅक्स नावाचा पेशंटचा ग्रुप आहे, पहिल्या मीटिंगला एका आजोबांनी "कितवं वर्ष?" असं विचारलं, नोकरीत विचारतात तसं. बरं वाटलं हो.

एक सांगू का, डॉक्टरांकडे पॅलिएटिव्ह विभागाची (त्रास कमी करणारा विभाग) चिठ्ठी मागा. नावाने दचकू नका, मीही दचकले होते, घरचे तर रडायलाच लागले. शेवटच्या दिवसांसाठीच असतं असं काही नाही, जुलाब, झोप, मनातलं, सगळं तिथे नीट ऐकतात. आणि फायली लावणाऱ्या माणसालाही घेऊन जा.

कृष्णाकाठ:
काका, दादा, ताई, मी हे स्टाफरूममध्ये वाचलं आणि डोळे पुसायला बाहेर गेले. नवऱ्याला रानजाईताईंचं शेवटचं वाक्य दाखवलं तर तो काही बोलला नाही, फाईल मात्र बंद केली.

काका, पुढचं इंजेक्शन १४ ला, कागद मी वाचणार.

दादा, २३ ला परळला डोटा स्कॅन आहे आणि २४ तासांच्या लघवीची ती फाइव्ह-एचआयएए टेस्ट (गाठींतून सुटणाऱ्या हार्मोनचा अंदाज घ्यायची) पण. आई असतील का तेव्हा? माझ्या हातात पाच लिटरचा कॅन असेल, वरून शबनम पिशवी चढवलेली, ओळखायला सोपं.

डोंबिवलीकर_मुलगा:
२३ ला तिचा फॉलोअप आहेच. आत्ता सांगितलं तर म्हणते, मास्तरीणबाई सांगलीहून येणार, उपाशी असतील, शिकरण करून नेते. म्हटलं अगं त्या टेस्टला केळं चालत नाही. तर म्हणते, मला माहिती आहे, तू नको शिकवू, टेस्ट झाल्यावर खाईल.