झाडू लागला तर सांगणार कोण?
कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत त्याच्यापुढे झाडूनं बर्फ घासायच्या खेळात, प्रत्येक दगडामागे पंच उभा करा, हे दादांचं म्हणणं मला पटत नाही. हॉग लाइनचं, म्हणजे जिच्याआधी दगड हातातून सोडायचा त्या रेषेचं, ठीक आहे. दगड रेषेआधी सुटला की नाही ते दगडाच्या मुठीतला सेन्सर सांगतो, हिरवा किंवा लाल दिवा लागतो. पण वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकत असताना झाडूचं टोक हलकं लागलं, तर ते लांबून कुणालाच दिसत नाही. कळतं फक्त झाडणाऱ्याच्या हाताला. म्हणून ज्याचा स्पर्श झाला त्यानंच बोलायचं, हा नियम आहे. आणि पलीकडच्या टोकालाही अशीच हॉग लाइन असते, तिच्या आत झाडू लागला, तर दगड थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढचा निर्णय समोरच्या संघाकडे. केवढा विश्वास आहे हा!

आपण खासबागेत कुस्त्या बघत वाढलो. एकदा पाठ टेकली की नाही यावर मैदान पेटलं होतं, पंचही गोंधळले. तेव्हा खालचा पैलवानच अंगाची माती झटकत उठला आणि समोरच्याचा हात वर केला. त्या दिवशी हरलेल्यालाही लोकांनी फेटा बांधला.

२०१६ साली झाडूच्या कापडावर बंधनं आली, ती योग्यच. साहित्य तपासा, जरूर तपासा. पण खेळाडूचं बोलणं काढून घेऊ नका.