विषय: चिरंजीवाला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय, कुळागर गहाण ठेवू का?

सोमवार, रात्री १०:४७
फोंड्याहून (पूर्वी मस्कत)

नमस्कार मंडळी,
मस्कतहून कायमचं परत येऊन चार वर्षं झाली तरी या मेलिंग लिस्टवरून नाव काढलेलं नाही, कारण दिवाळी अंकांच्या ऑर्डरी कधी सुरू झाल्या ते मला अजून इथेच कळतं. आज मात्र घरचा प्रश्न घेऊन आलोय.

चिरंजीव टीवायबीकॉमला आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंग करायचं म्हणून डोक्यात बसलंय. लंडनच्या एका विद्यापीठाची एमएस्सी फायनान्सची ऑफर आलीय, एक वर्षाचा कोर्स, फी आणि राहणं-खाणं धरून पन्नास लाखांच्या वर जातंय. बँक म्हणते तारण द्या, आणि तारण म्हणजे आमच्याकडे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, दुसरं काय असणार. पणजीतला एजंट सांगतो कोर्स संपला की सिटीत, म्हणजे लंडनच्या बँकांच्या भागात, जॉब, दोन वर्षांत लोन फिटतं. शिवाय आजोबांचा जन्माचा दाखला आहे तर पोर्तुगीज पासपोर्ट काढा म्हणजे व्हिसाची कटकट नाही, हा सल्ला तर शेजारीपाजारी फुकट देतात. बायकोचं म्हणणं सीए कर आणि गप्प बस. माझी अक्कल बँक म्हणजे पासबुक इथवरच आहे. या लायनीतलं कुणी असेल तर सांगा बाबांनो.

मंगळवार, सकाळी ७:१५
पर्वरीहून (पूर्वी लंडन)

दादा, निदान हा मेल वाचून होईपर्यंत तरी कुळागराला हात लावू नका.

मी मूळची म्हापशाची, लंडनला नऊ वर्षं याच धंद्यात काढली, आता पर्वरीत बसून एका छोट्या फर्मचं काम करते. पहिली गोष्ट, तिथल्या बँका पोरं उचलतात ती बहुतेक इंटर्नशिपमधून, आणि ती इंटर्नशिप डिग्रीच्या शेवटून दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात असते, त्याच्याही आधी पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी स्प्रिंग वीक, म्हणजे बँकेची तोंडओळख करून देणारा आठवडा, असतो. म्हणजे तिथली मुलं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच रांगेत उभी. एक वर्षाच्या कोर्सवाला सप्टेंबरात उतरतो, ट्रेन-बसचं ओयस्टर कार्ड कुठे मिळतं ते शोधतो, आणि तोपर्यंत अर्जांचा मोसम निम्मा सरलेला असतो. एजंट हे सांगत नाही कारण त्याचं कमिशन अॅडमिशनवर असतं, नोकरीवर नसतं. कोर्सनंतर तिथे राहून नोकरी करायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, तोसुद्धा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांवर आणलाय.

पोर्तुगीज पासपोर्टचं म्हणाल तर ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्याला त्यावर इंग्लंडात नोकरीचा हक्क नाही. डब्लिन, फ्रँकफर्ट, पॅरिस चालेल. पण भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, ते घरात नीट बोलून घ्या, आजीसकट.

दुसरी गोष्ट, हे काम नेमकं काय ते त्याला माहीत आहे का? कंपनी विकत घेणं-विकणं, आयपीओ आणणं म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आणणं, त्यासाठी कंपनीची किंमत काढणं आणि ती किंमत समोरच्याच्या गळी उतरवणारं पुस्तक बनवणं, त्याला पिचबुक म्हणतात. अॅनालिस्टची, म्हणजे सगळ्यात खालच्या पोराची, पहिली दोन-तीन वर्षं या पुस्तकाच्या तळटिपा जुळवण्यात जातात. माझ्या पहिल्या वर्षी मी चवथीला घरी आले होते, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायचं चाललेलं, मी स्टुलावर उभी, हातात कांगलाच्या रानफळांचा घोस, आणि व्हीपीचा, म्हणजे वरच्या साहेबाचा, मेल आला की पान ३८ वरचा आकडा पान ११ शी जुळत नाही. तेवढ्यात लाईट गेली. मग बाबांच्या गाडीत लॅपटॉप चार्जिंगला लावून रात्री दोनपर्यंत तिथेच, आई खिडकीतून नेवऱ्या देत होती. क्लायंटने ते पुस्तक उघडलंच नाही म्हणे. जेपी मॉर्गनने २०२४ मध्ये ज्युनियर लोकांच्या कामावर मर्यादा घातली म्हणून मोठी बातमी झाली होती, ती मर्यादा आठवड्याला ८० तासांची!

एवढं असूनही मी नऊ वर्षं टिकले, कारण किंमत काढायची गंमत खरी आहे. त्याला माझ्याकडून एक गृहपाठ द्या, मी इंटर्न घेताना हाच देते. २००९ मध्ये सेसा गोवाने धेंप्यांचा खाण-व्यवसाय १,७५० कोटींना घेतला. तू २००९ मध्ये बसून या व्यवहाराची किंमत काढ. मुलं टन काढतात, लोहखनिजाचा भाव काढतात, डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) दशांशाच्या दोन घरांपर्यंत काढतात आणि खूश होतात. मग मी विचारते, तिसऱ्या वर्षी खाणच बंद झाली तर? २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांच्या परवान्यांचं, नूतनीकरण रद्द केलं. गोव्यात वाढलेली पोरं, रस्त्यावरचे ट्रक बंद झालेले डोळ्यांनी पाहिलेली, आणि शीटमध्ये लीजसाठी एक ओळसुद्धा नाही.

मंगळवार, दुपारी १:३०
बेंगळुरूहून (माहेर डिचोली)

ताईंनी छान लिहिलंय, एकच भर घालते. इन्व्हेस्टमेंट बँकेत काम करणं आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग करणं यात फरक आहे, कॅम्पसवर हा फरक कुणी सांगत नाही. मी एका मोठ्या परदेशी बँकेच्या इथल्या सेंटरमध्ये आहे, कार्डावर नाव तेच चकाचक, काम सेटलमेंटचं, म्हणजे झालेले सौदे पुरे करण्याचं. अमेरिकेत २८ मे २०२४ ला टी प्लस वन आलं, म्हणजे सौदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे आणि शेअर हातात, त्यासाठी न्यूयॉर्कच्या रात्री ९ पर्यंत सौदे पक्के व्हायला लागतात, ते आपले उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा. माझी झोप त्या दिवसापासून वेगळ्याच टाइमझोनमध्ये आहे. पगार चांगला, शनिवार-रविवार माझे, वाईट अजिबात नाही. पण इथून कंपन्यांचे व्यवहार करणाऱ्या डील टीममध्ये उडी मारायची तर फार जोर लागतो, मी दोनदा प्रयत्न करून सोडलं. सीएफए या फायनान्सच्या परीक्षेचं लेव्हल दोन झालंय, तीन राहिलंय. लोक सांगतात एकेका लेव्हलला तीनशे तास, ते तीनशे तास कुणाच्या आयुष्यातले ते मात्र सांगत नाहीत.

मंगळवार, रात्री ९:०५
मडगावहून

मंडळी, मी चौतीस वर्षं बँकेत काढली, तुमच्या लंडनवाल्या नव्हे, पासबुकवाल्या. पर्वरीच्या ताईंनी लीजचा विषय काढला म्हणून लिहितो. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या शाखेत ट्रक आणि बार्जच्या कर्जाची रांग लागायची, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळे एकाच साच्यातले, रोज इतक्या फेऱ्या, महिन्याला इतके दिवस. आम्हीही सह्या केल्या. २०१२ नंतर तीच माणसं समोर येऊन बसली तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. मुलाला म्हणावं, किंमत काढायला जरूर शिक, पण कर्ज घेणाऱ्याच्या बाजूनेही एकदा टेबलावर बसून बघ.

मात्र एक सांगतो, सगळे मिळून पोराला घाबरवू नका. बायकोचं सीए वाईट नाही, २०२३ पासून आर्टिकलशिप (सीए फर्ममधली उमेदवारी) तीनाची दोन वर्षं झालीय, मुंबईत आर्टिकलशिप केली तर ड्यू डिलिजन्सचं, म्हणजे व्यवहाराआधी कंपनी तपासायचं, काम हाताखालून जातं आणि तिथून बँकिंगमध्ये गेलेली पोरं मी बघितलीत. शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या साइटवर आयपीओंचे डीआरएचपी, म्हणजे कच्चे माहितीपत्रक, फुकट असतात, त्यातली रिस्क फॅक्टर्सची पानं वाचायला सांगा. हा कंटाळला तर लंडनचे पैसे वाचले.

रविवार, रात्री ११:२०
फोंड्याहून

ताई, काका, डिचोलीची पोर, सगळ्यांचे आभार, उत्तराला उशीर झाला कारण घरात एक्सेल चालू होतं.

खाणीचा गृहपाठ त्याने केला. लीजची ओळ नव्हतीच, ताई, तुम्ही म्हणालात तसंच. मेल मी त्याला नंतर दाखवला तेव्हा जरा लाल झाला, दिवसभर बोलला नाही, मग आपणहूनच म्हणाला की आता आपल्या कुळागराची किंमत काढतो, तारण ठेवायचंच आहे तर बँक काय देते आणि ते खरं कितीचं आहे ते बघू. सुपारी किती, नारळ किती, मिरी, जायफळ, झाडावर चढून उतरवणाऱ्या पाडेल्याचा खर्च, सगळं मांडलं, दहा वर्षं पुढे ओढलं, आकडा आला बऱ्यापैकी मोठा. रात्री जेवताना लॅपटॉप फिरवून आजीला दाखवला. आई चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "पावसांत कोळेरोगान सुपारी गळटा, तें खंय बरयलां रे?"

कुठेच लिहिलं नव्हतं. मग ती सांगत गेली, कुठल्या साली अर्धं पीक गेलं, बोर्डो औषधाची फवारणी चुकली की काय होतं, माकडं किती खातात, आणि हा टाइप करत गेला. आकडा निम्म्याच्या जवळ आला. मी मध्ये बोललोच नाही, भात निवत होता.

तर सध्या असं ठरलंय की लंडनवाल्यांना ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का ते विचारायचं आणि परीक्षा झाली की मुंबईत एखाद्या सीए फर्मकडे किंवा आयपीओची कामं करणाऱ्या छोट्या मर्चंट बँकरकडे सहा महिने काम शोधायचं, स्टायपेंड मिळो न मिळो. ताई, तो तुम्हाला नवी शीट पाठवतोय, फाडून काढा.

आणि मुंबईकर मंडळी, दादर-माटुंग्याकडे कुणाच्या ओळखीत पेइंग गेस्टची सोय असेल तर कळवा. मासे लागतात, पण सोमवारी ताटात नुस्तें नको असं त्याच्या आईने बजावून सांगितलंय.