ओलोपॅटाडिन बंद केलं की डोळे परत खाजतात, ड्रॉप बदलू का?

यशची आई:
मुलगा १० वर्षांचा. गणपती झाले की घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुलतं आणि याचं डोळे चोळणं सुरू. पापण्या सुजतात, कोपऱ्यात दोऱ्यासारखी चिकट घाण येते. सासूबाई म्हणतात डोळे आलेत, शाळेत पाठवू नकोस. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून ओलोपॅटाडिन ०.१ टक्का दिवसातून दोनदा दिलंय. घातलं की बरं, सोडलं की परत तेच. आता मेडिकलवाला म्हणतो, "ताई, हे सौम्य आहे. दुसरं देतो, उद्या डोळा पांढराशुभ्र." घेऊ का?

काउंटरमागचा:
अजिबात नको. मीही याच धंद्यातला, म्हणून सांगतो. एका दिवसात डोळा पांढरा करणारं बहुतेक स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, फ्लुरोमेथोलोन असलं नाव शोधा. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. आणि मुलाला ते कळतही नाही, कारण दुखत काहीच नाही.

ओलोपॅटाडिन हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाला अडवतं, शिवाय ज्या पेशींतून ते सुटतं त्यांनाही आवरतं. पण परागकण हवेत आहेत तोवर सोडलं की खाज येणारच. किती आठवडे घालायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ती दोऱ्यासारखी घाण मात्र त्यांना आवर्जून सांगा, वरची पापणी उलटून बघायला लावा. या वयाच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलांत जास्त, ॲलर्जीचा एक चिवट प्रकार होतो, त्याचे उपचार वेगळे असतात. उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल तर आजच जा.

लेन्सवाली:
सासूबाईंना सांगा, ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. शाळा बुडवू नका. चोळणं मात्र तोडाच, सारखं चोळून बुबुळाचा आकार बिघडतो. गार पाण्याची पट्टी ठेवा. थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, नाहीतर घशात कडू उतरतं आणि पोरं पुढच्या वेळी पळतात. मी लेन्स काढूनच घालते, परत लावायला १५ मिनिटं थांबते.

यशची आई:
बाटली वाचली. बारीक अक्षरात डेक्सामेथासोनच. परत केली. गेल्या वर्षीची अर्धी ओलोपॅटाडिन फ्रिजमध्ये आहे, ती चालेल?

काउंटरमागचा:
टाकून द्या. एकदा फोडली की महिनाभरच. नवीन घ्या आणि फोडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा.