२६ जानेवारीला नेतृत्वाचं अन् खिलाडूवृत्तीचं बक्षीस कोणाला द्यावं?

पालक, घाटंजी तालुका

नमस्कार जी. मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. शाळा सातवीपर्यंत. यंदा झेंडावंदनाला दोन बक्षिसं द्यायची ठरली, एक नेतृत्वाचं अन् एक खिलाडूवृत्तीचं. पैशाचं जमलं, नावावर अडलं.

बैठकीत पाच मिनिटांत आटोपत होतं. पहिल्या नंबरच्या पोट्ट्याला नेतृत्वाचं, कबड्डीच्या कॅप्टनला खिलाडूवृत्तीचं. मीच अडवलं, कारण माझ्या मनात दोन पोरी आहेत.

एक सातवीतली. केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, कबड्डीत दोन्हीकडं गुण सारखे अन् शेवटची चढाई समोरच्यांची. त्यांची पोरगी आली, हात फिरवला अन् परत गेली. पंचांना काही दिसलं नाही. आमची कोपऱ्यातली पोरगी मात्र लगेच बोलली, "सर, मले लागला तिचा हात." एका गुणानं गेला सामना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत परत येताना मोठी माणसं तिच्यावर तुटून पडली, तुले कोणी इचारलं होतं म्हणून. ती इतकंच म्हणे, "पण लागला होता ना."

दुसरी सहावीतली, पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, कोलामाची लेक. तिचं नाव ना शालेय मंत्रिमंडळात, ना कोणत्या संघात. कापसाची वेचणी लागली की आया उजाडताच वावरात जातात अन् लहान लेकरंही मागं मागं धुऱ्यावर जाऊन बसतात. ही त्यांना गोळा करते, नाला ओलांडून परिपाठाच्या आत शाळेत आणते. पहिलीची लेकरं घरी कोलामी बोलतात, गुरुजींचं मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं. तर ही मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून सगळं कोलामीत सांगते. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. याच्याहून मोठं नेतृत्व मी तरी आमच्या गावात पाहिलं नाही, मोठ्या माणसांतही नाही.

समितीतले म्हणतात, मार्क कागदावर असतात, याला पुरावा काय? तुमच्याकडं कसं ठरवता?

शिक्षिका, दारव्हा

दादा, पुरावा शाळेतच असतो. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, आम्ही प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितोच. घाईत लिहिलं की सगळ्यांच्या नावापुढे "सहकार्य करतो" एवढंच येतं, हे खरं. आमच्याकडे वर्गात एक वही ठेवली आहे. काही घडलं की त्याच दिवशी तारीख घालून दोन ओळी लिहायच्या. विशेषण नको, नुसता प्रसंग.

मुलांचं मतदान मात्र घेऊ नका. ज्याचा घोळका मोठा त्यालाच मतं पडतात. त्यापेक्षा एकेकाला विचारा: संघ पाडताना शेवटी उरलेल्याला कोण आपल्याकडे घेतं? पडल्यावर तुला कोणी उचललं? पोरं लगेच नावं सांगतात, आणि ती बहुतेक आपल्या मनात नसलेली असतात.

माजी कबड्डीपटू, वणी

मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. खरेपणाला ट्रॉफी दिली की पुढच्या वर्षी पोट्टे पंचासमोर मुद्दाम हात वर करतील. अन् त्या पोरीसोबत बाकीच्या सहा जणीही हरल्या ना? त्यांनी काय करावं? बक्षीस देता तर अख्ख्या संघाला द्या. त्या सहा जणी तिच्यावर रागावल्या की तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या, हे आधी विचारा. खिलाडूवृत्ती तिथंही दिसते.

निवृत्त क्रीडाशिक्षक, अमरावती

वणीकरांचा दुसरा मुद्दा मोलाचा आहे. पहिल्याबद्दल एक आठवण सांगतो. १९८० साली मुंबईला वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी होती. गुंडप्पा विश्वनाथ आपले कर्णधार. इंग्लंडचे ५८ धावांत ५ गडी गेलेले. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण चेंडू बॅटला लागलाच नव्हता असं वाटल्यावर विश्वनाथांनी त्याला परत बोलावलं. मग त्यानं बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली अन् इंग्लंडनं सामना १० गडी राखून जिंकला. मी कित्येक वर्षं सातवीच्या पोरांना हे सांगत आलो. एखादा पोरगा हमखास विचारायचा, "मग सर, त्याईनं पुन्हा तसंच केलं असतं का?" वर्ग अर्धा तास त्याच्यावरच भांडायचा. ते भांडण मला ट्रॉफीपेक्षा जास्त हवं असायचं.

नाटकाची भीती असेल तर सरावाला पंच ठेवूच नका. लागलं तर लागलं, ज्याचं त्यानं सांगायचं. रोज ज्याला सांगायची सवय आहे तो कोण, ते मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. तुमची पोरगी त्यातलीच दिसते, नाहीतर ऐन शेवटच्या चढाईत इतक्या लवकर तोंडून निघत नाही.

पालक, घाटंजी तालुका

सगळ्यांचे आभार जी. वणीच्या भाऊंनी म्हटलं तसं मी संघातल्या पोरींना विचारलं. दोघी रागावल्या होत्या, त्यांनी तसं सांगितलंही. बाकीच्यांनी ट्रॉलीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, हे मला आत्ता कळलं. म्हणून खिलाडूवृत्तीचं बक्षीस संघाला द्यायचं, अन् ते त्या पोरीच्या हाती द्यायचं. नेतृत्वाचं पोडावरच्या लेकीला. समितीनं मानलं. नाव पुकारताना प्रसंगही वाचून दाखवायचा, तिच्यासाठी कोलामीतही. वाचायला पोडावरचेच एक आजोबा तयार झाले.

अडचण एकच उरली. वेचणी चालू आहे, तिच्या मायची त्या दिवसाची मजुरी बुडायला नको. म्हणून बक्षिसं झेंडावंदन झाल्याबरोबर, भाषणं त्याच्यानंतर. सरपंचांना सांगून ठेवलं आहे. निमंत्रण द्यायला मी अन् गुरुजी उद्या संध्याकाळी पोडावर जातो.