पी.टी.ला अकॅडमीचा कोच चालेल, की बी.पी.एड. झालेले सरच हवेत?

घोडबंदरकर (धागाकर्ता)
मुलीच्या शाळेने जूनपासून पी.टी.चे तास एका स्पोर्ट्स अकॅडमीला देऊन टाकले. शाळा ठाण्यातल्या घोडबंदर रोडची, सीबीएसई, नाव घेत नाही. आधीचे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची शिक्षक-पदवी) झालेले सर गेले, त्यांच्या जागी ट्रॅकसूटमधली तीन तरुण मुलं आली. पालकसभेत विचारलं, यांची पात्रता काय? उत्तर आलं, "एक राज्य पातळीवर फुटबॉल खेळलाय, एकाने एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स केलाय." त्यावर चक्क टाळ्या पडल्या.

माझं म्हणणं असं की कोच आणि शारीरिक शिक्षणाचा शिक्षक ही दोन वेगळी माणसं आहेत. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासून कोच तयार करतेय आणि ते काम ती उत्तम करते. पण कोचकडे येणारं पोर मुळात खेळायलाच आलेलं असतं. शाळेत सरांसमोर अख्खा वर्ग असतो. त्यात चार-पाच चपळ, बाकीची यथातथा, आणि दोघं-तिघं मैदानावर यायलाच घाबरणारी. या सगळ्यांना हलवायचं कसं, हे बी.पी.एड.ला शिकवतात. पदवीनंतर दोन वर्षं, शरीररचना, दुखापती, मापन-मूल्यमापन आणि प्रत्यक्ष वर्गावर पाठ. प्रवेशालाही लेखी सीईटीबरोबर मैदानी चाचणी असते. एनसीटीईच्या (शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१४ च्या नियमांत नववी-दहावीच्या पी.टी. शिक्षकाला ही पात्रता उगाच घातलेली नाही.

मागच्या आठवड्यात गेटबाहेरून एक तास पाहिला. पन्नास मुलं, एक बास्केटबॉल रिंग, एक रांग. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा जिना उतरण्यात आणि हजेरीत गेली. राहिली पंचवीस मिनिटं, म्हणजे दीड हजार सेकंद, म्हणजे मुलामागे अर्धा मिनिट! रांगेच्या शेपटाला दोन मुली निवांत एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. तुम्हाला काय वाटतं?

टर्फवाला_कोलशेत
मी अकॅडमीवालाच, तेव्हा शिव्या इकडेच पाठवा. रिंग एकच आहे हा दोष शाळेचा की कोचचा? बी.पी.एड. सरांना काय चार रिंगा मिळणार होत्या?

आणि सर्टिफिकेटचं कौतुक जरा जपून करा. मी ठाण्यातच शिकलो. आमचे पी.टी.चे सर पूर्ण पात्रताधारक होते. शिट्टी गळ्यात, खुर्ची झाडाखाली, "जा रे, खेळा" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. दहा वर्षांत मला कुणी साधं धावायचं कसं ते सांगितलं नाही. ते मी क्लबात शिकलो, आणि तिथल्या दादांकडे कसलंच सर्टिफिकेट नव्हतं.

निवृत्त_शिट्टी
तो पेपर वाचणारा मास्तर मीही पाहिलाय, नाही म्हणत नाही. पण त्याच्या टेबलावर काय असायचं तेही ऐका. मी नौपाड्यातल्या अनुदानित मराठी शाळेत होतो. १५ ऑगस्टची कवायत माझी, लेझीम माझं, सहलीची बस माझी, निवडणूक ड्युटी माझी, आणि मराठीच्या बाई रजेवर गेल्या की तो ऑफ तासही माझाच. शालेय स्पर्धा आल्या की १४, १७, १९ वर्षांखालचे फॉर्म, जन्मतारखेचे दाखले, मुख्याध्यापकांच्या सह्या. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात म्हटल्यावर तर पालक दारात उभे. या सगळ्यातून वेळ उरला तर मैदान.

त्यात संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं. पट घसरला की पहिली नजर पी.टी. आणि चित्रकलेच्या मास्तरावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी काय लिहिलंय बघा: पट शंभरच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक. अंशकालीन! कायदाच आम्हाला अर्धवेळ समजतो, तर अकॅडमीवाल्यांना दोष काय द्यायचा?

आता शिक्षणाचा उपयोग विचारता तर एक सांगतो. सातवीतला एक मुलगा. रांगेत सगळ्यांना कमरेत वाकायला सांगितलं, हात खाली सोडून. मागून पाहिलं तर पाठीची एक बाजू उंच. दप्तराचं ओझं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. मी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कणा बाकदार निघाला. वेळेत कळलं म्हणून पट्ट्यावर भागलं. मुलं वाकली की मागून बघायचं असतं, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. फुटबॉलवाल्याला हे कुणी शिकवतं का?

लेझीमप्रेमी
एवढी चर्चा होईपर्यंत पोरांचा तास संपला 😄

कळव्याची_आई
माझ्या मुलाला दमा आहे. पांढरे बूट विसरला म्हणून त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. इनहेलर दप्तरात, दप्तर तिसऱ्या मजल्यावर. एका मैत्रिणीने धावत जाऊन आणला. आणि फेऱ्या मारायला लावणारे सर बी.पी.एड. होते बरं का, अकॅडमीचे नव्हते.

त्यामुळे तुमचा दोघांचा वाद मला कळतो, पण माझी अट वेगळी आहे. वर्गातल्या कुठल्या मुलाला काय त्रास आहे याची यादी सरांच्या खिशात हवी. प्रथमोपचार यायला हवेत, सीपीआरसुद्धा, मिनिटाला १०० ते १२० दाब कसे द्यायचे ते पुतळ्यावर करून बघितलेलं असायला हवं. आणि व्यायाम ही शिक्षा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्याच १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी फेऱ्या आणि उठाबशा त्यात कुणी धरतच नाही. मुलाला आता धावायचं म्हटलं तरी रडू येतं.

घोडबंदरकर
कळव्याची आई, वाईट वाटलं वाचून. पण यातून पात्रता नको असं निघत नाही, नुसत्या पात्रतेवर भागत नाही इतकंच निघतं. डॉक्टरही चुकतात, म्हणून आपण कंपाउंडरकडून ऑपरेशन करून घेत नाही.

टर्फवाला_कोलशेत
डॉक्टरची तुलना फार होते राव. बरं, निवृत्त सर, तुमचा कण्याचा मुद्दा मान्य. ते आमच्या मुलांना येत नाही. मग तुम्हीच सांगा, पन्नास मुलं, तीसेक मीटरचं पोडियम (इमारतीचा मोकळा ओटा) आणि एक रिंग. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त_शिट्टी
रिंगेकडे पाठ फिरवली असती. चुन्याचे पाच चौकोन, दहा-दहाचे गट. एकात लंगडी, एकात दोरीच्या उड्या, एकात नुसती फेकाफेक-झेलाझेल, एकात तोल सांभाळून रेषेवरून चालणं, पाचव्यात तुमची रिंग. पाच मिनिटं झाली की शिट्टी आणि बदल. खर्च चुन्याचा आणि पाच दोऱ्यांचा. लंगडीला लाजणारी मुलंही खेळतात, कारण त्यात सगळेच पडतात. खो-खोचा विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, आणि ठाण्यातल्या इंग्रजी शाळांत खुंट रोवायला जागा नाही म्हणे.

टर्फवाला_कोलशेत
हे करता येईल. सोमवारी करून बघतो, खरंच.

आता एक खरी गोष्ट सांगतो, कारण धागाकर्त्यांना ती पालकसभेत कुणी सांगणार नाही. त्यांच्या शाळेचं माहीत नाही, पण आम्ही जिथे शिकवतो तिथे शाळा आम्हाला पी.टी.चा एक रुपया देत नाही. सकाळचे तास आम्ही फुकट घेतो, बदल्यात संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मैदान आमचं. त्या बॅचची फी आमची कमाई. साहजिकच सकाळी मी कुणाला पाठवणार? नवीन पोराला. अनुभवी कोच संध्याकाळी लागतो. शाळेचा एक पूर्ण पगार वाचतो, तेव्हा बी.पी.एड. की एनआयएस हा प्रश्न ट्रस्टींच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

घोडबंदरकर
म्हणजे मैदानाच्या भाड्यात पी.टी. फुकट! फी पावतीवर मात्र 'स्पोर्ट्स' म्हणून वेगळा आकडा आहे, आत्ताच काढून बघितली. करार पालक-शिक्षक संघाला दाखवा म्हणून उद्या लेखी अर्ज देतो.

कळव्याची_आई
अर्जात एवढंही विचारा: सकाळी मैदानावर मुलाला काही झालं तर जबाबदार शाळा की अकॅडमी? आणि त्या तिघांचं पोलीस व्हेरिफिकेशन कुणी केलंय?

टर्फवाला_कोलशेत
आमच्या करारात जबाबदारीचं कलम आहे का, आठवत नाही. काढून वाचतो आणि इथे टाकतो.